जमिनीलगतची चार बोटं

सुतारकाकांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक खांबाच्या बुडाशी टेकवलं आणि तळव्याने जरासा रेटा दिला. मुठीपर्यंत आत गेलं. आवाजसुद्धा झाला नाही. बाहेर काढलं तेव्हा टोकाला चहाच्या चोथ्यासारखा ओला तपकिरी भुगा चिकटून आला. वरून बघितलं तर खांब धडधाकट होता, रोगणाची चमकही पुरती उतरलेली नव्हती. "हा गेला," एवढंच म्हणून काका उकिडवे सरकत पुढच्या खांबाशी गेले.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत हळव्या भातांची कापणी उरकत आली होती, सड्यावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि चार महिने बंद असलेल्या घराच्या भिंतींमधून ओलीचा वास येत होता. मी आलो होतो ते या दिवाळी अंकाच्या निमित्ताने. संपादकांनी यंदाचा विषय 'राखण' दिला. कोकणात राखण म्हटलं की राखणदाराची आठवण आधी होते, आणि त्यावर लिहिणारे जाणते लोक आहेत. मला मात्र घराभोवतीचं लाकडी कुंपण आठवलं. घराची, आगराची, परसवातल्या भाजीची राखण तेच करत आलं आहे. त्याची राखण करायला मात्र आम्ही कोणी जागेवर नव्हतो.

काकांनी सगळी रांग तपासली. नव्या बाजूच्या अकरा खांबांपैकी सात गेले होते. जुन्या बाजूच्या चौदांपैकी एकही नाही.

एकाच कुंपणाची दोन वयं

आमच्या कुंपणाच्या दोन बाजू दोन वेगळ्या काळांतल्या आहेत, आणि शेजारीशेजारी उभ्या असल्यामुळे त्या बघून जेवढं शिकता येतं तेवढं एखाद्या पुस्तकातूनही शिकता आलं नसतं.

पूर्वेची आणि दक्षिणेची बाजू आजोबांनी घातलेली. खैराचे खांब, त्यांना आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर उभ्या चिपा. त्या खांबांनी चाळीसच्या वर पावसाळे बघितले आहेत. त्यांचा रंग राखाडी झाला आहे, अंगावर बोट शिरेल एवढ्या उभ्या भेगा आहेत, आणि जमिनीजवळ ते वरच्यापेक्षा बारीक झाले आहेत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, हेच आधी पडणार. काकांनी त्यातल्या एकाला कोयत्याच्या पाठीने ठोकलं. टण्ण वाजलं. बाहेरचा पांढरा थर कुजून, झिजून कधीच गेला आहे. उरला आहे तो आतला लाल गाभा, आणि त्याला अजून काही झालेलं नाही.

उत्तरेची बाजू पाच वर्षांपूर्वीची. रस्ता रुंद झाला तेव्हा जुनं कुंपण मागे घ्यावं लागलं. आम्ही सगळे बाहेरगावी, म्हणून एका ठेकेदाराला काम दिलं. सागाचे चौरस खांब, रंधा मारून गुळगुळीत केलेले, सिमेंटात बसवलेले, वरून चकचकीत रोगणाचे तीन हात. गणपतीला आलो तेव्हा येणारा-जाणारा थांबून बघत होता. पैसे पूर्ण दिले आणि पुढची पाच वर्षं त्याला कोणी हात लावला नाही. दोष एकट्या ठेकेदाराचा नाही, हे इथेच सांगून टाकतो.

सागाचे खांब पाच वर्षांत कसे कुजतात, हा प्रश्न मला छळत होता. काकांनी एक उपटून आडवा केला आणि करवतीने कापला. कापाच्या तोंडावर मधोमध रुपयाएवढा तपकिरी ठिपका, बाकी सगळं फिकट. "कोवळं झाड," ते म्हणाले. झाड वाढताना बाहेरच्या थरातून पाणी चढतं. तो थर फिकट असतो आणि त्यात साखर, पिठूळ अंश भरलेला असतो. वय वाढतं तसा आतला भाग हे काम सोडतो आणि झाड त्यात कडवट, किडीला आणि बुरशीला न मानवणारी द्रव्यं साठवत जातं. सागाचं नाव ज्या टिकाऊपणासाठी घेतलं जातं तो सगळा या गाभ्याचा आहे. कोवळ्या सागाचा फिकट भाग आंब्याच्या फळीइतकाच लवकर कुजतो. आम्ही सागाचे पैसे देऊन बहुतेक हा फिकट भागच विकत घेतला होता.

पाणी कुठे थांबतं

लाकूड कुजतं म्हणजे बुरशी ते खाते. बुरशीला जगायला हवा लागते, ऊब लागते आणि पाणी लागतं. लाकडातला ओलावा त्याच्या सुक्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली राहिला तर तिचं काही चालत नाही. म्हणून घरातल्या तुळया शंभर वर्षं टिकतात. उलट टोकाला, लाकूड कायमचं पाण्यात किंवा चिखलात बुडलेलं असेल तर तिथे हवा पोचत नाही आणि तेही टिकतं. जुन्या विहिरींच्या तळाशी लाकडाचं वलय अजून शाबूत सापडतं ते यामुळे.

कुंपणाच्या खांबाला ही दोन्ही टोकं असतात. वरचा भाग भिजतो, पण वाऱ्या-उन्हाने सुकतो. दोन फूट खालचा भाग ओला राहतो, पण तिथे हवा कमी. मध्ये, जमिनीलगत, चार बोटांचा पट्टा असा असतो जिथे पाणी आणि हवा दोन्ही पोटभर मिळतात. खांब तिथेच मोडतो. आमचे सातही खांब तिथेच गेले होते. वाळवीही बहुतेक तिथूनच मातीची नळी बांधत वर चढते.

ठेकेदाराने सिमेंट भरलं ते मजबुतीसाठी. झालं उलटं. सिमेंट सुकताना आणि लाकूड आटताना दोघांमध्ये केसाएवढी फट पडली. पावसाचं पाणी खांबावरून ओघळत त्या फटीत उतरलं आणि तळ बंद असल्यामुळे तिथेच राहिलं. आमच्या कुंपणाखाली पाच वर्षं अकरा पेले पाण्याने भरलेले होते. जांभ्याच्या कातळात नुसता खड्डा घेतला तरी हाच त्रास होतो, कारण एकसंध कातळातला खड्डाही पेलाच. आजोबांच्या खांबांखाली काय आहे ते बघायला आम्ही एका खांबाची बाजू खणली. तळाशी मुठीएवढे दगड, त्यावर खांब, भोवती दगडांच्या चिपा ठोकून बसवलेल्या, आणि खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूला पाणी जायला एक चर. कोणी बघणार नाही अशा जागी केलेलं ते काम होतं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. तो चर बघून मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

"लाकूड भिजू दे हो," काका म्हणाले. "फक्त सुकायला मिळालं पायजे." रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भिजण्यापासून लाकडाला वाचवणं इथे कोणाच्याच हाती नाही.

मेढ

काका खांबाला खांब म्हणत नाहीत, मेढ म्हणतात. हा शब्द जुना आहे आणि त्याला इतिहास आहे. लाकडाचे ओंडके एकाला एक लावून जमिनीत रोवायचे आणि त्यांची तटबंदी करायची, तिला मेढेकोट म्हणत. मुरुडच्या समुद्रातला जंजिरा आज दगडी आहे, पण त्या बेटावरचं पहिलं संरक्षण म्हणजे राजापुरीच्या कोळ्यांनी उभारलेला मेढेकोट. हे राजापुरी मुरुडजवळचं, आमचं राजापूर नव्हे. समुद्री लुटारूंपासून बचाव करायला तो बांधला होता आणि त्या कोळ्यांच्या म्होरक्याचं नाव राम पाटील असं सांगितलं जातं. दगडी कोट उठला तो त्यानंतर, सोळाव्या शतकात. चहूबाजूंनी खारं पाणी, वर कोकणचा पाऊस, अशा जागी लाकडी तट उभा ठेवायचा तर त्यातले ओंडके सतत बदलत राहावे लागले असतील. त्या बदलणाऱ्या हातांची कुठे नोंद नाही.

दरवर्षी नवं होणारं कुंपण

वाडीत फिरलो तेव्हा लक्षात आलं, की आमच्यासारखं फळ्यांचं कुंपण मुळात थोड्याच घरांना आहे. बाकीच्यांची राखण दोन गोष्टी करतात: जांभ्याच्या दगडांचा गडगा आणि काटक्या-काट्यांची वई.

वई दरवर्षी नवी होते. कापणी आटोपली की गुरं मोकळी सुटतात आणि त्याच दिवसांत परसवात लाल माठ, मुळा, वाल, मिरची लावायची असते. त्या आधी वई घालून व्हायला हवी. खालच्या वाडीतल्या एक काकू आणि त्यांचा मुलगा वई घालत होते. मुलगा पहारीने भोकं पाडून निगडीचे आणि ऐनाच्या फांद्यांचे दांडे रोवत होता. काकू त्यांच्यामधून कळकाचे काटेरी शिरे ओवत होत्या, बाहेरून एक, आतून एक. मग दोन्हीकडून चिव्याची चिरलेली कांबटी लावून केवणीच्या वाकाने घट्ट आवळायचं. केवण म्हणजे मुरुडशेंगेचं झुडूप. त्याच्या सालीचा वाक ओला असताना बांधला की सुकताना आवळत जातो. मी विचारलं, "तार का नाही वापरत?" काकू म्हणाल्या, "तार गंजते नि मग काढताना हात कापते. वाक चुलीत जातो."

या वईला तेलपाणी नाही, रंग नाही. ती कुजणार हे धरूनच घालतात. पाऊस येईपर्यंत सात-आठ महिने उभी राहिली की तिचं काम झालं. उरेल ते सरपण. लाकूड टिकवण्याचा जेवढा विचार आपण करतो तेवढाच हा विचारही शहाणपणाचा आहे असं मला वाटतं. मात्र अशी वई घालायला दरवर्षी घरात हातपाय चालणारी दोन माणसं लागतात. वाडीतल्या निम्म्या घरांना आता कुलूप आहे.

वईत जायला-यायला बेडं असतं. दोन जाड मेढी, त्यांना गिरमिटाने पाडलेली तीन-तीन भोकं, आणि भोकांतून सरकवलेले आडवे बांबू. माणूस एक बांबू सरकवतो आणि वाकून आत जातो. गुरांना ते जमत नाही. बिजागरी नाही, कडी नाही, खिळा नाही, त्यामुळे गंजायलाही काही नाही. मेढीला भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं घ्यायचं, म्हणजे आत पाणी साचत नाही. हे मला त्या मुलाने सांगितलं. पुण्याला नोकरीला होता, आता गावी परत आला आहे.

तिसरा प्रकार जिवंत खांबांचा. पांगारा, शेवगा किंवा गिरिपुष्प यांची मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडावर रोवली की ती फुटते. गिरिपुष्प मूळचं मध्य अमेरिकेतलं. त्याच्या विषारी बिया-सालींमुळे आपल्याकडे त्याला उंदीरमारी हे नाव पडलं, आणि त्याचा पाला शेताला उत्तम हिरवं खत होतो. जिवंत खांब कुजत नाही, कारण जखम झाली तर झाड ती भरून काढतं. पण त्याची वेगळी देखभाल आहे. बांधलेला दोर दरवर्षी सैल करावा लागतो, नाहीतर तो सालीत रुततो आणि वरचा भाग वाळतो. ठोकलेला खिळा झाड गिळतं आणि पुढे कधीतरी तो करवतीचे दात मोडतो. फांद्या वेळेवर छाटल्या नाहीत तर भाजीवर सावली येते.

बांबूच्या बाबतीत वाडीत एकमत आहे: पावसात तोडू नये. पावसाळ्यात बांबूत रस भरलेला असतो, त्यात पिठूळ अंश असतो आणि भुंगेरे त्यावर तुटून पडतात. बांबूखाली पिवळी पीठी दिसू लागली की समजावं, आत पोखरणं सुरू आहे. म्हणून तोड दिवाळीनंतर, आणि तोडलेला बांबू तीन-चार आठवडे वाहत्या वहाळात दगडाखाली दाबून ठेवायचा. पिठूळ अंश धुऊन जातो. नंतर सावलीत उभा सुकवायचा. मालकीच्या जमिनीतला बांबू तोडायला आणि न्यायला पूर्वी झाडाचाच कायदा लागू होता. २०१७ मध्ये १९२७ च्या भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेला. कोकणातल्या माणगा बांबूच्या बेटांना त्याने मोठा आधार दिला.

खैर, ऐन, किंजळ यांचं तसं नाही. महाराष्ट्रातल्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत ही झाडं आहेत, साग आणि फणसही आहेत. स्वतःच्या जमिनीतलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. आमच्या सात मेढींसाठी कुठलंच झाड तोडायचं नव्हतं. पडलेल्या गोठ्याचे ऐन आणि किंजळीचे वासे मागच्या पडवीत रचून ठेवले होते. साठ-सत्तर वर्षं छपराखाली सुकलेलं लाकूड. काकांनी त्यातले सात निवडले, एकेक ठोकून, कानाने.

रोगण, तेल आणि जळकं ऑइल

आता लाकडाला वरून काय लावायचं? या प्रश्नाला वाडीत जेवढी घरं तेवढी उत्तरं मिळाली.

आधी रोगणाबद्दल. रोगण किंवा ऑइल पेंट लाकडावर पापुद्रा तयार करतो. घरातल्या कपाटाला तो उत्तम. पण बाहेरचं लाकूड पावसात फुगतं, वैशाखात आटतं, आणि पापुद्र्याला तेवढं ताणता येत नाही. खिळ्याभोवती, जोडाशी, खांबाच्या माथ्यावर त्याला आधी बारीक चिरा पडतात. तिथून पाणी आत शिरतं आणि उरलेला पापुद्रा त्याला बाहेर पडू देत नाही. आमच्या खांबांची चमक शेवटपर्यंत टिकली, ती कूज झाकण्याच्या कामी आली. शिवाय रोगण पुन्हा द्यायचं तर जुनं सगळं खरवडावं लागतं, आणि ते कोणी करत नाही. जुन्यावरच नवा थर चढतो.

तेल लाकडात मुरतं. पापुद्रा नसल्याने सोलवटत नाही, आणि पुढच्या वर्षी नुसतं झाडून-घासून पुन्हा एक हात देता येतो. आमच्याकडे अळशीचं उकळलेलं तेल वापरतात. दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून मागावं. कच्चं घेतलं तर आठवडाभर चिकट राहतं. पहिल्या हाताला त्यात निम्मं टर्पेंटाइन घालायचं, म्हणजे पातळ होऊन खोल जातं. पण नुसत्या अळशीच्या तेलावर कोकणच्या दमट हवेत काळी बुरशी धरते, आणि उन्हापासून ते लाकडाला वाचवत नाही. उन्हातले अतिनील किरण लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य मोडतात, ते पावसाने धुपून जातं आणि लाकूड राखाडी पडतं. यावरचा उपाय घरातच आहे: गेरू. गेरूतला लोहाचा अंश ते किरण अडवतो. तेलात वस्त्रगाळ गेरू कालवून दिलेला हात नुसत्या तेलापेक्षा कितीतरी जास्त टिकतो, आणि जांभ्याच्या जोत्याशेजारी तो तांबूस रंग शोभतोही. स्वीडनमधली लाकडी घरं ज्या लाल रंगाने ओळखली जातात तोही फालुनच्या तांब्याच्या खाणीतल्या लोहयुक्त मातीचाच.

काजूच्या टरफलाचं तेल हा कोकणचा स्वतःचा उपाय. होड्यांना ते लावत आले आहेत. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. पण ते कातडीला लागलं तर बिब्ब्यासारखं उततं, फोड येतात. हातमोजे घालूनच लावावं, आणि मुलांचे हात लागतात त्या बेड्याला लावू नये. खांबाचा जमिनीतला भाग आणि वर वीतभर, एवढ्यासाठी ते चांगलं.

सगळ्यात जास्त घरांतून ऐकलं ते जळकं ऑइल. गॅरेजमधून फुकट किंवा चार पैशांत मिळतं, काळंभोर दिसतं, वाळवी पळते असं म्हणतात. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. इंजिनातून निघालेल्या त्या तेलात जड धातू असतात, कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात. पहिल्या पावसात ते धुऊन मातीत उतरतं. कुंपणाला लागूनच आळवाचं आळं असतं, दहा पावलांवर विहीर असते. पाच-दहा रुपये वाचवायला विहिरीच्या कडेला हे ओतू नये.

डांबराचा हात जमिनीतल्या भागाला देतात, तो लाकूड पूर्ण सुकं असेल तरच. ओल्यावर डांबर म्हणजे पुन्हा ओल आत कोंडणं. खांबाचं बूड जाळून काळं करण्याची रीतही आहे. आमच्या काकांचा त्यावर फार विश्वास नाही आणि मला त्यांचं पटतं. कोळशाचा तो थर पातळ असतो, त्याला चिरा पडतात, आणि चिरेतून आतलं लाकूड मातीला उघडंच राहतं.

कारखान्यांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. इंग्लंडमध्ये जॉन बेथेल यांनी १८३८ मध्ये बंद टाकीत दाबाखाली लाकडात क्रियोसोट भरण्याचं पेटंट घेतलं. रेल्वेचे लाकडी स्लीपर त्यावर टिकले. जुने स्लीपर कुंपणाला वापरलेले दिसतात. उन्हात त्यांचा जो उग्र वास येतो तो याचाच. पुढची मोठी गोष्ट भारतात झाली, आणि ती आपल्याला फारशी माहीत नाही. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक किडीला, हे माहीत होतं. पण पावसाने दोन्ही धुऊन जात. कामेसम यांनी क्रोमियम घातलं आणि ती द्रव्यं लाकडाच्या तंतूंना चिकटून बसू लागली. विजेचे खांब, धक्के, कुंपणं, जगभर पुढची सत्तर वर्षं हिरवट झाक असलेलं ते लाकूड वापरलं गेलं. आर्सेनिकच्या धास्तीने अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापरासाठी असं लाकूड तयार करणं उत्पादकांनी थांबवलं. तुमच्याकडे असा जुना हिरवट खांब निघाला तर तो चुलीत घालू नका. त्याच्या राखेत आर्सेनिक उरतं.

तीन दिवसांचं काम

पहिला दिवस काढण्यात गेला. कुजलेल्या मेढी हाताने उपटल्या. सिमेंटाचे पेले मात्र पहारीने आणि घणाने फोडावे लागले. त्यातल्या दोनांत, पाऊस थांबून दहा दिवस झाले असताना, पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी वासे कापले. जमिनीवर चार फूट, जमिनीत दोन फूट. माथा सपाट ठेवायचा नाही, उतरता कापायचा. लाकडाच्या कापलेल्या तोंडातून पाणी अंगापेक्षा कितीतरी पटींनी जास्त वेगाने आत जातं, कारण झाडात पाणी चढायच्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. काकांनी माथे आणि बुडं आधी तेलात बुडवून ठेवली. सत्तर वर्षांच्या त्या सुक्या लाकडाने अर्ध्या तासात डबा निम्मा रिकामा केला. खड्ड्यात तळाला दगड, त्यावर मेढ, ओळंब्यात धरून भोवती थराथराने दगडांच्या चिपा आणि मुरूम ठोकला. वर मातीची लहानशी उंचवटी केली, खांबाकडून बाहेर उतरती. आडव्या पट्ट्यांची वरची कड रंध्याने तिरकी केली. चिपा जमिनीपासून चार बोटं वर ठेवल्या आणि दोन चिपांत करंगळीएवढी फट राखली. खिळे जस्त चढवलेले. साधा लोखंडी खिळा ऐनात ठोकला तर लाकडातल्या तुरट अंशाशी त्याचा संयोग होतो आणि काळे ओघळ उतरतात.

जुन्या खैराला काही ठोकायचं नव्हतं. शेवाळ तारेच्या ब्रशने, तंतूंच्या दिशेने, हलक्या हाताने काढलं. रस्त्यापलीकडच्या नव्या बंगल्यात मोटारीच्या फवाऱ्याने कुंपण धुतात; त्याने शेवाळाबरोबर लाकडाचे मऊ तंतूही उडून जातात आणि पुढच्या वर्षी शेवाळ दुप्पट धरतं.

तिसऱ्या दिवशी तेल. त्याआधी काकांनी लाकडावर पाण्याचे चार थेंब टाकले. लगेच शोषले गेले तर लाकूड तेल प्यायला तयार आहे. मोत्यासारखे थांबले तर अजून सुकू द्यायचं. गोठ्याच्या वाशांनी थेंब ठेवले नाहीत. खैराच्या दोन मेढींवर ते थांबले, म्हणून त्या पंधरा दिवसांनी करायच्या ठरल्या. पहिला हात पातळ, वीस मिनिटांनी वर उरलेलं तेल फडक्याने पुसून घ्यायचं, दुसरा हात दुसऱ्या दिवशी गेरू घालून. एक सूचना इथे द्यायलाच हवी: अळशीच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं, आणि बोळ्यातली उष्णता कोंडून फडकं आपोआप पेट घेतं. काकांनी ती पाण्याच्या बादलीत टाकली आणि नंतर गडग्यावर एकेक पसरून वाळवली.

अकरापैकी चार सागाचे खांब ठीक निघाले होते. त्यांचं रोगण खरवडून काढलं, बुडाशी स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा टोचून बघितला, भोवतीचं सिमेंट फोडलं आणि त्यांनाही दगडांत बसवलं.

मजुरी घेताना काकांनी पुढचं वेळापत्रक तोंडीच सांगितलं. दरवर्षी दोनदा यायचं, एकदा दिवाळीनंतर, एकदा मिरगाआधी. खांबांच्या बुडाशी साचलेला पाला काढायचा, गवत कापायचं, तेलाचा एक हात द्यायचा. दोन माणसांना अर्धा दिवस. मी वहीत लिहून घेतलं आणि भावंडांत पाळी लावली.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्यापैकी काही जण गावी असतील. फराळ झाल्यावर एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कुंपणाभोवती एक फेरी मारा. प्रत्येक खांबाजवळ बसा, जमिनीलगतचा पाला बाजूला करा आणि त्या चार बोटांत टोक दाबून बघा. आत गेलं, तर मिरगाची वाट बघू नका.